कच्चा नकाशा

ऑफिसातून सांगितलं होतं, तीन रंग पुरेत.
डोंगर तपकिरी, पठार पिवळं, खाडीकाठ निळा.
प्रत्येक रंगाखाली दोन ओळी:
लोक काय पिकवतात, काय खातात, कुणाला भजतात.

मी तपकिरीतला. सत्तरीतला.
आमच्याकडे उतारावरची झुडपं जाळून
राखेत नाचणी पेरत,
आणि देवराईतली वाळकी काटकीसुद्धा
कुणी चुलीला लावत नसे.
आई म्हणायची, झाड बोलत नाही
म्हणून त्याला ऐकू येत नाही असं नाही.
त्या रंगाच्या दोन ओळी मी घरबसल्या लिहिल्या.

निळ्यासाठी मात्र फेरीबोट, मग सायकल, मग चिखल.

पौषातली अमावास्या. कुंभारजुव्याची खाडी.
बांधावर खुशाली गावडे उकिडवा बसलेला,
कोपरापर्यंत माखलेला.
विचारलं, खाजन कुठून सुरू होतं?
तो म्हणाला, कधी?
मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.
कुठून, मी जरा मोठ्यानं म्हटलं.
तेच, तो म्हणाला. भरतीला का ओहोटीला?

मग त्यानं मला मानस दाखवली.
मन नव्हे; दगडी कमानीत टांगलेली
लाकडाची दारं.
नदी चढली की पाणीच ती लावून घेतं,
उतरली की पाणीच उघडतं,
दिवसातून दोनदा, कुणाचा हात न लागता.
मग तुझं काम काय?
दार कुजतं ना, म्हणाला,
आणि खेकड्यानं पाडलेल्या भोकात
चिखल नि पेंढा कोंबून टाचेनं दाबत राहिला.
भोक बोटाएवढं.
असंच एक त्याच्या आज्याच्या नजरेतून सुटलं होतं.
खारं पाणी रात्रीत आत आलं,
बाहेर पडायला तीन पावसाळे लागले,
तोवर कोरगुटाचा दाणा नाही.
हे सांगताना त्यानं भोकावरची टाच काढली नाही.

पलीकडे मगर तयार होत आली होती.
मातीची. माणसाहून हातभर लांब.
पाठीत शिंपल्या रोवलेल्या, ओळी वाकड्यातिकड्या,
दात बांबूच्या कामट्यांचे,
आणि डोळ्यांवरून दोन म्हाताऱ्यांत वाद चाललेला.
पिएदाद आली खालच्या वाड्यावरून,
गळ्यात क्रूस, पदराच्या ओट्यात अंडं.
ते मगरीच्या पोटात ठेवायचं असतं.
आमचाही तुकडा ह्याच बांधाला, ती मला म्हणाली,
जशी काही मीच हरकत घेतली होती.
एका पोरानं विचारलं,
नदीतल्या मगरींना हे कळतं का?
त्याला आणखी चिखल आणायला पाठवलं.

फुलं वाहून झाली, तेवढ्यात बार्ज आली.
खनिजानं भरलेली, काठोकाठ बुडालेली, लाल.
कुणी काही बोललं नाही.
सगळे लाटेची वाट बघत उभे राहिले,
जसं लग्नाच्या मांडवात
नको असलेल्या पाहुण्याच्या उठण्याची बघतात.
लाट आली. बांधाला तीनदा धडकली.
मगरीचं शेपूट घेऊन गेली.

खुशालीनं पाण्यात हात घातला,
ओंजळीतला लाल गाळ बघितला, मग माझ्याकडे.
तुमच्याकडची, म्हणाला.
रागानं नाही. पत्त्यावर आलेलं पत्र
ज्याचं त्याला द्यावं तसं.

मी टेप बाजूला ठेवली.
शेपूट करायला चिखल जरा घट्ट लागतो,
तो कसा मळायचा हे पिएदादनं शिकवलं.

रात्री पणजीत कागद उघडला
तर तपकिरी आणि निळ्याच्या मधोमध
माझाच अंगठा उमटलेला,
धड हा रंग नाही, धड तो नाही.
खोडरबर होता जवळ.
साहेबांचा शेरा सोमवारी आला:
सीमा अस्पष्ट. नकाशा कच्चा. पुन्हा काढावा.